पेठेतून ट्राम न्यायची तर कुठल्या रस्त्याने? रस्ता कसा निवडायचा

पुण्यात मेट्रो सुरू झाल्यापासून एक वाक्य अधूनमधून ऐकू येतंच, "त्यापेक्षा पेठांमध्ये ट्राम टाकायला हवी होती." पुण्यात ट्राम कधीच नव्हती. मुंबईत होती, १८७४ ला घोड्यांची सुरू झाली, मग विजेची आली आणि १९६४ ला बंदही झाली. नाशकात पण होती, पण हे सांगितलं की अर्धे नाशिककरच आश्चर्याने बघतात. असो. ट्राम हवी की नको हा वाद मी इथे घालत नाहीये, त्यासाठी आपल्याकडे कट्टे भरपूर आहेत. समजा टाकायची ठरलीच, तर नेमक्या कुठल्या रस्त्याने न्यायची हे कसं ठरवायचं, तेवढंच लिहितोय. आर्किटेक्चर-प्लॅनिंगच्या पोरापोरींना प्रोजेक्टला उपयोगी पडेल, आणि क्षेत्रसभेत, म्हणजे आपल्या भागातल्या नागरिकांच्या सभेत, नकाशा घेऊन उभं राहायची हौस असेल त्यांनाही.

बहुतेक जण काय करतात, मोबाइलवर मॅप उघडतात, बोटाने रेघ मारतात, डेक्कन ते कॅम्प, झालं काम. पण ट्रामचा रस्ता मॅपवर ठरत नाही. तो ठरतो चौकाच्या कोपऱ्यावर, आणि फूटपाथला लागून जी तीनेक मीटरची पट्टी असते ना, जिथे आत्ता गाड्या लावलेल्या असतात, तिथे. कारण बससमोर काही आडवं आलं तर ड्रायव्हर जरा उजवीकडे घेऊन काढतो, ट्राम वीतभरही सरकत नाही. म्हणजे रस्ता निवडायचा तर त्या पट्टीतलं काय काय उचलायची तुमची तयारी आहे हे आधी ठरवायला लागतं. बाकी सगळं त्यानंतर.

आधी मेट्रो कुठे नाही ते बघा

सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट अशी भुयारी मेट्रो चालू आहे, म्हणजे पेठांमधून उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांची सोय झाली. त्यामुळे शिवाजी रोड आणि बाजीराव रोड, जे एरवी ट्रामला एकदम फिट वाटतात, ते यादीतून काढून टाका, खाली मेट्रो आणि वर ट्राम एकाच दिशेने पळवून कोणाचं भलं होणार नाही. दुसरी लाइन वनाझकडून येते ती डेक्कन, संभाजी उद्यान, महापालिका अशी नदीच्या कडेकडेने कोर्टाकडे आणि पुढे स्टेशनला जाते. राहिला कुठला भाग, तर मधला आडवा पट्टा. अलका टॉकीजचा चौक, विजय टॉकीज, कुंटे चौक, बेलबाग, सोन्या मारुती, नाना पेठ, क्वार्टर गेट आणि पुढे कॅम्प. ट्रामने मेट्रोला समांतर न जाता तिला कापून जावं, आणि कापेल तिथे स्टेशन चालत पाच मिनिटांच्या आत असावं. मंडई स्टेशन या हिशोबात छान बसतं.

मग हातात दोनच खरे पर्याय उरतात. एक लक्ष्मी रोड, वन-वे आहे म्हणून परतीला केळकर नाहीतर कुमठेकर रोड. दुसरा टिळक रोड. टिळक रोड जवळपास सरळ आहे, वळणं कमी, दोन्ही बाजूंची वाहतूक चालते, रूळ टाकणाऱ्या इंजिनिअरला विचाराल तर तो डोळे मिटून टिळक रोडवर बोट ठेवेल. पण तो पेठांच्या कडेने जाऊन स्वारगेटला उतरतो, आणि स्वारगेटला आत्ताच मेट्रो, एसटी, पीएमपी म्हणजे शहरातली बस, सगळंच आहे. तुळशीबागेत जायचंय, मंडईत जायचंय, लग्नाची खरेदी करायचीय, अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं आणायचीयत, त्या माणसाला टिळक रोडवरची ट्राम काय कामाची? माझं मत लक्ष्मी रोडच्या बाजूने आहे, पण मोजमाप दोन्हीकडचं घ्या, नाहीतर सभेत पहिल्याच प्रश्नाला आडवे व्हाल.

टेप घेऊन पहाटे निघा

पहाटे पाचला निघा, दोघं तरी हवेत, एक टेप धरायला आणि एक मागून येणाऱ्या दूधवाल्याकडे लक्ष ठेवायला. मोजायचं ते रस्त्याची सरासरी रुंदी नाही, सगळ्यात अरुंद जागा. किलोमीटरभर रस्ता ऐसपैस आहे आणि एकाच ठिकाणी जुन्या वाड्याचा ओटा पुढे आलाय, तर तुमच्यासाठी रस्ता त्या ओट्याएवढाच. ट्रामचा डबा साधारण २.४ ते २.६५ मीटर रुंद असतो, हलायला-डुलायला धरून एका रुळाला सव्वातीन मीटर सोडा, जोडरुळाला साडेसहा-सात. ते वजा करा आणि उरलेल्यात काय बसतं ते बघा. अग्निशमनची गाडी जायला हवी आणि नुसती जायला नाही, उभी राहून शिडी लावता यायला हवी. पेठेत अजून लाकडी वाडे आहेत, त्यामुळे ही अट कुठेही ढिली करू नका.

रस्ता फारच चिंचोळा असेल तर लगेच खोडू नका. ॲमस्टरडॅममध्ये लाइडसेस्ट्राट नावाची दुकानांची अरुंद गल्ली आहे, तिथे दोन्ही दिशांचे रूळ एकमेकांत गुंतवून एकाच रुळाच्या जागेत बसवलेत, आणि कालव्यांवरच्या पुलांपाशी जरा जागा मिळते तिथे ट्रामा एकमेकींना पास देतात. तीसचाळीस मीटरच्या चिंचोळ्या तुकड्यासाठी ही युक्ती चालते. अख्ख्या पेठेसाठी नाही चालणार, गाड्या वाट बघत बसतील.

आता कोपरे, जो या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. आजकालच्या लांब, लो-फ्लोअर ट्रामला वळायला साधारण २० ते २५ मीटर त्रिज्या लागते. टोरांटोत ११ मीटरच्या वळणावरून गाड्या फिरतात, पण त्या गाड्या त्यासाठीच बनवून घ्याव्या लागतात आणि पैसे त्याप्रमाणे मोजावे लागतात. आपल्या पेठेतल्या कोपऱ्यावर, जिथे दोन बाजूंची दुकानं थेट फूटपाथला भिडलेली, तिथे २० मीटर कुठून आणणार?

हे बघायची सोपी पद्धत म्हणजे ज्या कोपऱ्यावरून पीएमपीची मोठी बस वळते तिथे अर्धा तास उभं राहायचं. बस वळताना समोरच्या लेनमध्ये किती घुसते, कंडक्टर खिडकीतून हात काढून रिक्षावाल्याला मागे घ्यायला सांगतो का, ड्रायव्हर एका दमात वळवतो की थांबून थांबून. मग खाली बघा, कोपऱ्यावरच्या फूटपाथचा दगड फुटलेला असेल आणि त्यावर टायर घासल्याचा काळा डाग असेल तर समजा की मागचं चाक रोज तिथे चढतंय. बसला ते चालून जातं. ट्रामचं चाक रुळावरच राहतं, पण डब्याचा मागचा कोपरा वळताना बाहेर झुकतो आणि तिथे जे असेल, पानाची टपरी असो नाहीतर विजेचा खांब, त्याला घासतो. अशी दोन-तीन वळणं मार्गात आली तर सरळ सांगायचं की हा मार्ग बाद, नाहीतर कोपऱ्यावरची इमारत घ्यावी लागेल, आणि पेठेत इमारत घ्यायची म्हणजे भाडेकरू, कोर्ट, नातू-पणतू... पुढचं तुम्हाला माहीत आहे. वळणं कमी हा नियम म्हणूनच रुंदीच्याही वर ठेवा.

पी१, पी२ आणि एक ॲक्टिव्हा

आपल्याकडे रस्तोरस्ती पी१-पी२ च्या पाट्या आहेत, सम तारखेला एका बाजूला गाड्या, विषम तारखेला दुसऱ्या. आता रूळ डाव्या बाजूने गेला असेल तर तारखेप्रमाणे रूळ थोडाच बाजू बदलणार आहे? म्हणजे ट्राम आली की ही पद्धत त्या रस्त्यावरून गेली, रुळाच्या बाजूचं पार्किंग कायमचं गेलं. हे लपवून ठेवू नका, पहिल्याच कागदावर लिहा. अमेरिकेत पोर्टलंडमध्ये २००१ साली ट्राम सुरू झाली, तिथे ट्राम डावी-उजवीकडच्या पार्किंगला खेटून साध्या वाहतुकीच्या लेनमधून जाते आणि थांब्याच्या जागी फूटपाथ पुढे काढलाय. तिकडे गाडी पट्टीच्या आत लावतात म्हणून निभतं. आपल्याकडे ॲक्टिव्हा तिरकी लावतात, मागचं चाक रस्त्यावर, आणि माणूस "दोनच मिनिटं" म्हणून साडीच्या दुकानात. तेवढ्या एका मागच्या चाकासाठी आख्खी लाइन उभी, मागे तीन ट्रामा, टोइंगची गाडी येईपर्यंत घंटा वाजवत बसा.

म्हणून दोन प्रकार जोखून बघा. एक, रूळ कडेला आणि त्या बाजूला पार्किंग पूर्ण बंद. माणूस फूटपाथवरून थेट डब्यात चढतो, म्हाताऱ्यांना सोयीचं, पण टेम्पो, छोटा हत्ती, हातगाडी यांना माल उतरवायला सकाळी अमुक ते अमुक अशी ठरलेली वेळ द्यावी लागते. दोन, रूळ मधोमध आणि पार्किंग तसंच कडेला. दुकानदार खूश, पण प्रवाशाला प्रत्येक वेळी दुचाक्यांच्या लोंढ्यातून मधल्या फलाटावर जायचं आणि तेवढ्या रुंदीत फलाट बसवायचा. स्वारगेट-कात्रजला २००६ साली बीआरटी, म्हणजे बसला वेगळी लेन, आणली तेव्हा मधल्या थांब्यांवर जायला लोकांची किती तारांबळ उडायची हे जुन्या लोकांना विचारा. लक्ष्मी रोडसारख्या ठिकाणी मला पहिला प्रकारच शक्य वाटतो.

जाताना एक रस्ता, येताना दुसरा

वन-वे जोडी म्हणजे पुणेकरांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट, फर्ग्युसन रोड आणि जंगली महाराज रोड, बाजीराव आणि शिवाजी. पोर्टलंडमध्ये पण दहावा आणि अकरावा ॲव्हेन्यू अशी जोडी केली, एकेका रस्त्यावर एकच रूळ. फायदा उघड आहे, अर्धीच जागा लागते. तोटा असा की सकाळी जिथे उतरलात तिथून संध्याकाळी ट्राम मिळत नाही, शेजारच्या रस्त्यावर जावं लागतं. पोर्टलंडचे ब्लॉक छोटे, एका ब्लॉकचं अंतर म्हणजे काहीच नाही. लक्ष्मी रोडवरून केळकर किंवा कुमठेकर रोडला जायचं तर मधले बोळ बघा, कुठे वाट आहे, कुठे वाड्यातून जाता येतं, कुठे रात्री आठनंतर अंधार असतो. आजींना घेऊन, हातात भाजीची पिशवी घेऊन चाला आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर तिथली जोडी तोडा, दुसरा रस्ता बघा.

आणि वन-वेच्या उलट्या दिशेने ट्राम न्यायचं डोक्यात असेल (जागा वाचते म्हणून कोणीतरी सुचवतंच) तर ते काढून टाका. आपण रस्ता ओलांडताना एकाच बाजूला बघतो. तिकडून आवाज न करता ट्राम आली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

थांबे तीनशे-चारशे मीटरवर धरा. थांब्याच्या जागी साधारण ३० मीटर सलग, सपाट कड मिळायला हवी, त्यात बोळाचं तोंड नको, दुकानाच्या पायऱ्या नको, ड्रेनेजचं उघडं-मिटतं झाकण नको. एवढं एक लावलंत की निम्म्या जागा आपोआप बाद होतात आणि थांबा कुठे घ्यायचा यावरचं भांडण पण निम्मं होतं.

दुचाकीवाले

हे पुणे आहे, त्यामुळे हे वेगळं लिहितो. रुळातली खाच साधारण चार सेंटिमीटर रुंद असते. सायकलचं टायर त्यात सरळ बसतं, स्कूटरचं बसत नाही पण ओल्या लोखंडावरून घसरतं. रूळ काटकोनात ओलांडला तर काही होत नाही, तिरका ओलांडला की पडलात. सिएटलमध्ये ट्रामच्या रुळात अडकून सायकलवाले पडण्याचा प्रश्न चांगलाच गाजलेला आहे, आणि तिथे सायकली, आपल्याकडे तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओले रस्ते आणि रेनकोट घातलेले लाखो दुचाकीस्वार. म्हणून मार्ग बघताना प्रत्येक चौकात एक प्रश्न विचारा, इथून डावीकडे वळणारी दुचाकी रूळ कुठल्या कोनात ओलांडेल? साठ अंशांपेक्षा कमी असेल तर लाल खूण करा. रूळ एका कडेवरून दुसऱ्या कडेला जातो अशी जागा तर शक्यतो ठेवूच नका. खाचेत बसवायचं रबर मिळतं पण जिथे गाड्या सतत धावतात तिथे ते टिकत नाही.

वर गणपती, खाली कात्रजचा नळ

लक्ष्मी रोड म्हणजे विसर्जन मिरवणुकीचा मुख्य रस्ता, मंडईपासून अलका चौकापर्यंत. केळकर, कुमठेकर आणि टिळक रोडवरूनही मिरवणुका निघतात, त्यामुळे रस्ता बदलून हा प्रश्न सुटत नाही. ट्रामची तार साधारण साडेपाच-सहा मीटरवर असते आणि तिच्यात ६०० ते ७५० व्होल्टचा करंट. मंडळांच्या रथाची उंची किती असते ते जाऊन विचारा, अंदाज करू नका. लकडी पुलावर मेट्रोच्या पुलाची उंची कमी पडते म्हणून मंडळांनी काम थांबवायला लावलं होतं हे विसरू नका. तार काढता-घालता येईल का, त्या दोन दिवसांत लाइन बंद ठेवायची का, की तेवढ्या पट्ट्यात तारच नको? फ्रान्समध्ये बोर्डोला २००३ पासून जुन्या भागात तार नाही, दोन रुळांच्या मधोमध जमिनीत तिसरा रूळ आहे आणि ट्राम वर असेल तेवढ्याच तुकड्यात वीज येते. महाग आहे, आणि आपल्याकडच्या तुंबलेल्या पाण्यात त्याचं काय होईल याची मला तरी धास्ती वाटते. बॅटरीवर किलोमीटर-दीड किलोमीटर जाणाऱ्या गाड्या आता मिळतात, पेठेसाठी तेच बरं. मांडवांचं पण बघा, दहा दिवस रस्त्यावर कुठे कुठे मांडव असतो त्याची यादी करा आणि थेट मंडळाच्या अध्यक्षांशी बोला, पोलिसांकडून नंतर कळण्यापेक्षा बरं.

खालचं जास्त खर्चाचं. ट्रामच्या रुळाखाली पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल ठेवता येत नाही, कारण दुरुस्तीला खोदायचं तर ट्राम बंद. सगळं आधी बाजूला हलवायचं. एडिंबरामध्ये याच खालच्या कामांत जो गोंधळ झाला तो प्रसिद्ध आहे, ३७.५ कोटी पाउंडांचा अंदाज होता, २०१४ ला सुरू होईपर्यंत ७७.६ कोटी झाले आणि मार्ग अर्धवट तोडला तो वेगळाच. आपल्या पेठेखाली तर पेशवाईत कात्रजहून पाणी आणायला बांधलेला कात्रजचा नळ आहे, हौद आहेत, स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात २०१९ ला जुना भुयारी मार्ग सापडला होता. म्हणून रस्त्याने चालताना झाकणं मोजा. पाण्याचं, ड्रेनेजचं, टेलिफोनचं, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा ठिपका. ज्या बाजूला ठिपके कमी तिकडे रूळ. फुकटातला सर्व्हे आहे हा, आणि नंतर महापालिकेचा नकाशा मिळाला की ताडून बघा, जुळणार नाही, पण कुठे जुळत नाही ते कळतं.

दुकानदारांशी कधी बोलायचं

सगळ्यात आधी, सर्व्हेच्या पहिल्याच आठवड्यात. आणि "ट्राम आली तर धंदा वाढेल" असं सांगायला जाऊ नका, कोणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. दोन वर्षं रस्ता खोदलेला असेल तेव्हा गिऱ्हाईक कुठून येणार हे त्यांना आधी विचारा. मग दुकानाबाहेर तासभर उभं राहून आलेला माणूस कसा आला ते लिहा, चालत, बसने, रिक्षाने, की समोरच गाडी लावून. गाडी लावून आलेले दुकानदाराला वाटतात त्यापेक्षा कमी निघतील असा माझा अंदाज आहे, पण आकडा तुमचा हवा, माझा नको.

लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, तो दिवस सोडू नका. वाहनं बंद असताना लोक कुठून आत येतात, कुठे थांबतात, आजूबाजूच्या कुठल्या बोळात कोंडी होते, हे बाकी वर्षभर दिसणार नाही. टोरांटोने किंग स्ट्रीटवर २०१७ साली असंच केलं, नवीन रूळ वगैरे काही नाही, ट्राम आधीपासून होतीच, फक्त खासगी गाड्यांना सरळ जायला बंदी केली, पुढच्या चौकात वळायलाच लावलं. दीड वर्ष बघितलं आणि मग २०१९ ला कायम केलं. आपण उलट्या क्रमाने करू शकतो, आधी गाड्यांवरचा नियम आणि त्याच मार्गावर छोटी बस, सहा महिने. ज्या रस्त्यावर बस वेळेत जाऊ शकत नाही तिथे ट्राम जाईल असं समजायचं काही कारण नाही.

शेवटी कागद कसा करायचा. लांबलचक रिपोर्ट कोणी वाचत नाही. प्रत्येक चौकाला एक पान, वरून काढलेलं चित्र, त्यात सगळ्यात अरुंद माप, वळणाची त्रिज्या, दुचाकीचा कोन, झाकणं, मांडव, आणि खाली एका ओळीत इथून काय उचलावं लागेल ते. दहा पार्किंग, एक टपरी, एक पिंपळ, जे असेल ते. (पिंपळ असेल तर त्या चौकाचं पान शेवटी ठेवा.) टिळक रोडचा एक गठ्ठा, लक्ष्मी रोडचा एक. डेपोचं पान वेगळं, कारण पेठेत डेपोला जागा नाहीच, गाड्या रात्री कुठे जाणार आणि तिथपर्यंतचा रूळ कुठल्या रस्त्याने, तोही मार्गाचाच भाग आहे आणि नव्वद टक्के लोक तो काढायला विसरतात. कॅम्पच्या बाजूला कॅन्टोन्मेंटची हद्द लागते, तिथली परवानगी महापालिका देऊ शकत नाही, म्हणून क्वार्टर गेटच्या पुढची पानं काढायच्या आधी तिकडे एक पत्र टाकून ठेवा.